देवदारावरचे दिवे आणि दादाचा फॉरवर्ड

डिसेंबर उजाडला की आमच्या ‘माहेर’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचा फॉरवर्ड येतोच. यंदा ४ तारखेला आला. मुलांना सांताक्लॉज बनवू नका, २५ डिसेंबरला घरोघरी तुळशीपूजन करा, पाश्चात्त्यांचे सण पाश्चात्त्यांना लखलाभ. खाली जोडलेले हात, तीनदा. त्यावर काकूंचा अंगठा, आतेभावाचा झेंडा, आणि वहिनीचं नेहमीचं मौन.

मी तेव्हा इथे कॅलिफोर्नियात, ट्रेडर जोज नावाच्या किराणा दुकानाच्या रांगेत उभी होते आणि माझ्या ट्रॉलीत ऑफिसच्या पार्टीसाठी घेतलेली दोन पॉइन्सेटियाची, म्हणजे नाताळातल्या लाल पानांची, रोपं होती. म्हणजे मी रंगेहाथच सापडले होते म्हणा.

आता तुळशीशी माझं काही भांडण नाही. नगरच्या आमच्या घरात मागच्या दारी वृंदावन आहे आणि तुळशीचं लग्न आम्ही कार्तिकात लावतो, द्वादशी ते पौर्णिमा. ऊस, चिंचा-आवळे, बोरं, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं साग्रसंगीत. यंदा ते लागून जेमतेम महिना झाला होता. नव्या नवरीला महिन्याभरात पुन्हा पाटावर बसवायचं, तेही तिथी न बघता थेट इंग्रजी तारखेला? हा २५ डिसेंबरचा प्रकार २०१४ साली निघाला. आमच्या आजीला वर्षाच्या सगळ्या तिथ्या तोंडपाठ होत्या, त्यात ही नव्हती. मी हे सगळं रांगेतच टाइप केलं आणि वर जोडलं, ‘पाश्चात्त्यांचा विरोध पाश्चात्त्यांच्या कॅलेंडरवर बसून कसला करतोस?’

दादाने अर्ध्या तासाने लिहिलं, ‘तिकडे राहून तुला शिंगं फुटली आहेत.’

असेल. पण मला राग आला तो निराळ्याच कारणाने. दादा नगरचा आहे. नगरच्या माणसाने नाताळला परका म्हणावं, हे मला पटत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ मध्ये. त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथूनच १८४२ साली सुरू झालं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी मी उलट्या दिशेने निघाले, एवढाच फरक. आमच्या वाड्यातल्या शेजारच्या मावशी चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळाला काय असायचं? करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि भट्टीवर भाजून आणलेला एक केक. ताटावर क्रोशाचा रुमाल घालून त्या स्वतः ते द्यायला यायच्या. आई ताट रिकामं परत करायची नाही, त्यात साखर तरी घालायची. दिवाळीत हेच उलट्या बाजूने. दोन्ही ताटांतल्या करंज्या सारख्याच, फक्त मावशींच्या सारणात खसखस जास्त.

आणि कंदील. हे दादाला मी फोनवर आठवण करून दिलं तेव्हा तो गप्प बसला. आमचा आकाशकंदील मावशींचे यजमान करायचे, कारण बांबूच्या काड्या तासायचा हात त्यांचाच होता. दिवाळी संपली की दादा तो फाटका कंदील त्यांच्याकडे पोचवायचा. ते त्यावरचा पतंगाचा कागद सोलून काढायचे, गाठी सोडायचे, आणि त्याच काड्यांची पाच टोकांची चांदणी बांधायचे. नाताळाला ती त्यांच्या दारात. आत साठ वॅटचा एकच बल्ब, तोही आमचाच. चांदणीच्या एका टोकाला निळ्या कागदाचा चिकटलेला तुकडा राहायचा, तो आमच्या दिवाळीतला. दादा स्वतः खळ लावायचा त्या चांदणीला. आज तोच दादा मुलांच्या शाळेला पत्र लिहायला निघालाय की आमच्या मुलाला लाल टोपी घालायची नाही.

मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात तर २०२३ च्या डिसेंबरात तसा हुकूमच निघाला होता, पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय मुलांना सांता करायचं नाही. दादाने ती बातमी मला अभिमानाने पाठवली होती. मी त्याला उत्तरादाखल अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा इतिहास पाठवला. तिथल्या प्युरिटन या कट्टर ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १६५९ साली ख्रिसमसवरच बंदी घातली होती. सण पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड, आणि ही बंदी उठली १६८१ मध्ये. म्हणजे ‘हा सण आपला नाही’ असं ओरडणारे पहिले लोक ख्रिस्तीच! दादा म्हणाला, ‘बघ, त्यांच्यातही शहाणे होते.’ त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि मी गेली अकरा वर्षं घालते आहे.

माझा हुकमी एक्का म्हणजे सँटा रोझा ॲव्हेन्यू. लॉस एंजेलिसजवळच्या आमच्या अल्टाडीना गावचा हा रस्ता, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. जेमतेम सव्वा किलोमीटरही नाही, पण दोन्ही बाजूंना शे-सव्वाशे प्रचंड झाडं. १९२० पासून डिसेंबरात त्यांच्यावर दिवे लावतात, सगळे मिळून दहा हजारांच्या घरात. गावातले लोक शनिवार-रविवार घालवून, शिड्या-दोऱ्या घेऊन, फुकट हे काम करतात. संध्याकाळी गाड्या हेडलाइट बंद करून मुंगीच्या पावलाने जातात, काच खाली, मुलं सनरूफमधून बाहेर. लाउडस्पीकर नाही, वर्गणीवरून भांडण नाही, कुणा नगरसेवकाचा हसरा फ्लेक्स नाही. (हे वाक्य मी दादाला दर वर्षी ऐकवते. गणपतीत आमच्या गल्लीत डीजेने आईची कानशिलं बधिर होतात, हे त्यालाही मान्य आहे.)

आणि ही झाडं कुठली? देवदार! आपले हिमालयातले. अल्टाडीना वसवणाऱ्या वुडबरी कुटुंबाने १८८५ साली लावली. बी आणलं इटलीतून, पण झाडाचं मूळ गाव गढवाल-कुमाऊंकडचं. नावच बघा ना, इंग्रजीतही त्याला ‘डिओडार’ म्हणतात, देवांचं लाकूड. हिमालयातून निघालं, इटलीत थांबलं, कॅलिफोर्नियात रुजलं, आणि आता येशूच्या वाढदिवसाला दिवे अंगावर घेऊन उभं असतं. कुठलाही व्हिसा न लागता. त्याला कुणी विचारलं नाही, तुझा सण कुठला.

हे वाक्य मी एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलं होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. आता ते पुन्हा लिहिताना जरा लाज वाटते आहे. का, ते सांगते.

या घरात आम्ही आलो त्या वर्षी दिवाळीत मी पुढच्या ओसरीवर दिव्यांच्या माळा लावल्या आणि नगरहून आणलेला आकाशकंदील टांगला. समोरचे शेजारी, सत्तरीचे गृहस्थ, कुत्र्याला फिरवत आले, थांबले आणि कौतुकाने म्हणाले, यंदा ख्रिसमसची तयारी सगळ्यांच्या आधी तुम्हीच केलीत की!

मी म्हणाले, ‘हो.’

एवढंच. दिवाळी हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण त्यानंतर लक्ष्मीपूजन आलं असतं, मग लक्ष्मी कोण, मग तुमच्यात देव किती. तेवढं सगळं कुत्र्याचा पट्टा हातात धरलेल्या माणसाला सांगायला मला त्या दिवशी कंटाळा आला. कंटाळा म्हणजे भीतीचंच घरगुती नाव. तेव्हापासून आमच्या माळा ऑक्टोबरात चढतात आणि जानेवारीत उतरतात, आणि त्या कुणाच्या आहेत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, विजेचं बिल दोन्ही धर्मांत विभागून जातं.

तर दादाला मी जे सांगते, दिव्यांना धर्म नसतो वगैरे, ते मला इतकं सोयीचं आहे की त्यावर माझाच विश्वास बसेनासा झालाय. त्याच्या गल्लीत तो बहुसंख्य आहे. त्याने मावशींची चांदणी दारात लावली तर ते मोठं मन. मी इथे झाड सजवते, लेकीला कॅरल शिकू देते, शेजाऱ्यांना जिंजरब्रेड नेऊन देते, त्यात मन किती आणि ‘आम्हीही तुमच्यातलेच हो’ ही विनवणी किती, हे मला सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात दिवाळीची सरकारी सुट्टी मंजूर झाली, २०२५ च्या ऑक्टोबरात सही, २०२६ पासून लागू. मी ती बातमी लगेच ‘माहेर’वर टाकली: बघा, इथले लोक आपला सण आपलासा करतात आणि तुम्ही! त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या शेजाऱ्यांच्या ॲपवर ‘त्या लोकांच्या फटाक्यां’बद्दलची जी तक्रारींची रांग लागली होती, तिचा स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकला नाही.

आणि एक गोष्ट मी दादाला नीट कधी सांगितलीच नाही. २०२५ च्या ७ जानेवारीला आमच्या गावामागच्या डोंगरात वणवा पेटला, ईटनची आग म्हणतात ती. रात्री वारा असा की छपराची कौलं बोलत होती. फोनवर इशारा वाजायच्या आधी दारावर थापा पडल्या. समोरचे आजोबा. पायजम्यावर जाकीट, काखेत कुत्रा. म्हणाले, डोंगर पेटलाय, पोरीला उचला. मी पासपोर्ट घेतले आणि देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधावेत तसे स्वेटरच्या बाहीत बांधले. बाहेर धुराने रस्ता दिसत नव्हता, आणि आमच्या ओसरीवर दिवाळीच्या माळा अजून चालू होत्या. टायमरवर होत्या ना.

आमचं घर राहिलं. का राहिलं, याला उत्तर नाही. समोरचं गेलं. गावातली नऊ हजारांहून अधिक बांधकामं गेली. देवदार मात्र बहुतेक उभे राहिले, अंगावर नाताळच्या माळा तशाच, कारण त्या उतरवायला अजून कुणी पोचलंच नव्हतं.

धुराचा वास घालवून घरात परत यायला आम्हाला मे उजाडला. आजोबांच्या जागेवरचं जळकं सगळं उन्हाळ्यात उचलून नेलं. आता तिथे सपाट माती आहे, एक लिंबाचं झाड आहे जे अर्धं काळं आणि अर्धं फळांनी लगडलेलं आहे, आणि ते राहतात तो ट्रेलर. यंदाच्या डिसेंबरात सँटा रोझावर दिवे लागले, तेव्हा आम्ही तिघं चालत गेलो. दर वर्षी गाड्यांची रांग असते, यंदाही होती, पण बऱ्याच गाड्या मध्येच थांबत होत्या आणि माणसं खाली उतरून नुसती उभी राहत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही. लेकीने विचारलं, ही झाडं का नाही जळली? नवऱ्याने पाणी, वारा, अंतर असं काहीतरी सांगितलं. मी झाडांचं मूळ गाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

परत आलो तर आजोबा ट्रेलरच्या कडेला माळ अडकवत होते. पत्र्यावर ती ठरत नव्हती. नवरा शिडी आणायला गेला. ते आमच्या ओसरीकडे बघत म्हणाले, तुमचा तो कागदाचा दिवा फार छान असतो, तो कुठे मिळतो? मला एक हवा होता.

मी म्हणाले, तो ख्रिसमसचा नाही. दिवाळीचा आहे. आमच्या गावचा आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, आणि आवाज जरा मोठाच लागला. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, माझ्या नातीने कधीच सांगितलंय. म्हणूनच विचारतोय, कुठे मिळतो?

रात्री मी दादाला फोन लावला. फॉरवर्डचा विषय काढला नाही. म्हटलं, एक आकाशकंदील हवाय, बांबूचा, आपल्याकडचा, कुरिअर करशील का? समोरच्या आजोबांना द्यायचाय.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मागे वहिनीने कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, ‘अगं, डिसेंबरात दिवाळीचे कंदील कुठले? बाजारात सगळ्या चांदण्याच लागल्यात. एक पाठवू का?’