टुरिस्ट व्हिसावर रशियात नोकरी? त्या मेसेजला उत्तर

खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रशियाचं इन्व्हिटेशन लेटर आलं म्हणजे व्हिसा झालाच. टुरिस्ट म्हणून जा, वर्क परमिट तिथं होतंय. दहावी पास चालतंय, एजंट सगळं बघतो.’ बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत राबणारी आमची पोरं हा मेसेज घेऊन विचारायला आली, म्हणून हे लिहायला बसलो.

लेटर म्हणजे व्हिसा नव्हे. तो अर्जाला जोडायचा कागद. व्हिसा द्यायचा की नाही ते वकिलात ठरवते. शिवाय लेटर-लेटरमध्ये फरक आहे. पर्यटनाचं पत्र हॉटेल किंवा टूर कंपनी देते. नोकरीचं पत्र मात्र मालकाला तिथल्या गृहखात्याकडून काढावं लागतं. म्हणून आधी कागदावर प्रवासाचं कारण काय लिहिलंय ते बघा. फिरायलाच जायचं असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, त्याला लेटर लागतच नाही. मग त्या लेटरचे पैसे कशाचे?

‘तिथं जाऊन बदलून घेऊ’ हे तर साफ खोटं. ई-व्हिसावर फार तर ३० दिवस राहता येतं, तो वाढत नाही, त्यावर काम करता येत नाही. कामाचा व्हिसा इथूनच काढून निघायचं असतं.

एजंटाचं म्हणाल तर परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याची १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येते. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. त्यापुढे मागितले की उठून या.

हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगतोय ते कलबुर्गीच्या पोरांमुळं. हेल्पर, सिक्युरिटीची नोकरी सांगून नेलं आणि युक्रेनच्या युद्धात उभं केलं. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं अशा एजंटांवर छापे टाकले. कलबुर्गीची पोरं घरी पोचायला सप्टेंबर उजाडला. आपल्याच कर्नाटकातली, आपल्या पोरांच्याच वयाची. सह्या घेतल्या होत्या त्या रशियन भाषेतल्या करारावर.

शेताचा उतारा कानडीत आला तर आपण चार जाणत्यांकडून वाचून घेतो, मगच अंगठा उठवतो. रशियन कागदाचं मराठी हातात येईपर्यंत सही नको, आणि पासपोर्ट तर कुणाच्याच ताब्यात देऊ नका.