फॉर्म ७०० आणि आमचे हे

आमच्या ह्यांची काउंटीच्या प्लॅनिंग कमिशनवर नेमणूक झाली तेव्हा मी हौसेने पेढे वाटले. कॅलिफोर्नियातल्या आमच्या भागात कुणाला डोंगरउतारावर वाइनरी काढायची असो की गावाबाहेर गोदाम बांधायचं असो, आता ह्यांचं मत लागणार होतं. घरात पडद्याच्या रंगाबद्दलही त्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे स्वारी खूश होती.

मग फॉर्म ७०० आला. पद घेतल्यापासून ३० दिवसांत आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करायचे. ते ह्यांनी करावेत, माझी हरकत नव्हती. पण काउंटीत व्यवहार असलेल्या कंपनीतली २,००० डॉलरची किंवा त्यावरची गुंतवणूक लिहायची, आणि ती बायकोचीसुद्धा! लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी माझ्याकडे कुठले शेअर्स आहेत हे ह्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या संसाराच्या स्थैर्याचं ते एक प्रमुख कारण होतं. नेमका आकडा द्यावा लागत नाही, रक्कम कुठल्या टप्प्यात बसते त्या चौकोनात फुली मारायची, एवढीच काय ती मेहेरबानी. फुली बघून हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मी जुनी गाडी चालवतोय!"

आई सांगत होती, सोनं घे. फॉर्म ७०० वर सोन्याच्या दागिन्यांना रकानाच नाही. पुण्याचा फ्लॅटही त्याला दिसत नाही, कारण तो काउंटीच्या हद्दीत येत नाही. त्या फ्लॅटचा भाडेकरूही आमच्या हद्दीत येत नाही, पण तो विषय वेगळा.

खरी परीक्षा दिवाळीत. एकाच माणसाकडून वर्षभरात ५० डॉलरची भेट झाली की ती जाहीर करायची, आणि २०२५-२६ साठी कमाल मर्यादा ६३० डॉलर. सणावारी एकमेकांना दिलेल्या भेटी चालतात, पण दोन्हींच्या किमतीत फार तफावत नको. म्हणजे समोरून चकली आली तर आपल्याकडून निदान कडबोळी गेली पाहिजे. एका बांधकाम कंत्राटदाराने काजूकतलीचा भलाथोरला डबा पाठवला. नको असलेली भेट न वापरता ३० दिवसांत परत केली तर ती मोजत नाहीत. हे नियम वाचत होते तेवढ्यात मुलांनी डबा फोडला. मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, ह्यांनी इंटरनेटवर काजूकतलीचा भाव काढला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही दोघं मिठाईचं मूल्यांकन करत बसलो.

पण हे सगळं परवडलं, ब्राउन कायदा नको. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वर्तमानपत्राने सरकारी मंडळांच्या चोरून होणाऱ्या बैठकांवर लेखमाला छापली, आणि पुढच्याच वर्षी मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांनी अशा बैठका खुल्या ठेवायला लावणारा हा कायदा आणला. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा आणि बहुमत होईल इतक्या सभासदांनी सभेबाहेर कामकाजावर बोलायचं नाही. ह्यांच्या कमिशनवर पाच जण, म्हणजे तिघं आले की बहुमत. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं तरी ती बेकायदा बैठकच. इथवर ठीक. पण कायदा पुढे म्हणतो, मध्यस्थामार्फत निरोप फिरला तरी तेच. मध्यस्थ म्हणजे कोण, हे ह्यांनी माझ्याकडे बघत वाचलं.

ह्यांच्या एका सहकाऱ्याची बायको माझ्या योगवर्गात येते, दुसऱ्याची सासू आमच्या भजनी मंडळात. एखाद्या वाइनरीबद्दल ह्यांना काय वाटतं हे मी शवासनात कुजबुजले आणि ते हरिपाठापर्यंत पोचलं, तर कॅलिफोर्नियात कायदेभंग! राल्फ ब्राउन यांना आमची भिशी माहीत असण्याचं कारण नाही, तरी त्यांनी तिचाच बंदोबस्त केला. तेव्हापासून हे मला काही सांगत नाहीत. सभेहून आले की जेवतात आणि झोपतात. प्लॅनिंग कमिशनमध्ये काय चाललंय हे मी काउंटीच्या वेबसाइटवर वाचते, इतर जनतेबरोबर.

फोनचंही तेच. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन होजे शहराच्या खटल्यात ठरवलं की सरकारी कामाचा मेसेज खासगी फोनवर असला तरी तो सार्वजनिक दस्तऐवज. त्यामुळे हे आता "दूध आणू का?" एवढंसुद्धा लिहीत नाहीत. दूध सार्वजनिक नाही हे मी किती वेळा सांगायचं? शिवाय २०२१ पासून, समाजमाध्यमावर सहकाऱ्याने कमिशनच्या विषयावर काही जाहीर लिहिलं तर खाली अंगठासुद्धा दाखवता येत नाही. आमच्या ह्यांना, ज्यांनी निधनाच्या बातमीलाही अंगठा दाखवलाय!

एकदा आमच्याच गल्लीतलं प्रकरण कमिशनपुढे आलं. जागा घरापासून ५०० फुटांच्या आत, म्हणजे हितसंबंध आलाच. ह्यांना कारण जाहीर करून सभागृहाबाहेर जावं लागलं. मी आत प्रेक्षकांत होते. बाहेर आल्यावर ह्यांनी मलाच विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, इतिवृत्त येईल, वाचा.

तो फॉर्म ७०० सुद्धा कुणालाही बघता येतो. प्रत हवी तर पानाला फार तर १० सेंट, आणि मागणाऱ्याला नावगाव विचारायचं नाही असा नियम. परवा मंगळागौरीला झिम्मा खेळता खेळता मंडळाच्या खजिनदारबाई माझ्या कानाशी लागल्या.

"अगं, ते शेअर्स अजून ठेवलेस? काढून टाक, पडणारेत."

मी गेल्याच आठवड्यात विकले होते. पण ते पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर येईल.