जिम्नीच्या पुढच्या ॲक्सलचे बुश: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की "रबराच्या तुकड्यांसाठी" (म्हणजे गाडीच्या सांध्यांत बसणाऱ्या बुशसाठी) बिल जास्त लावलं, एका दिवसाच्या कामाला दोन दिवस घेतले, तुम्ही आणलेले पॉलीयुरेथेनचे (रबरापेक्षा कडक, थोडक्यात पॉलीचे) बुश आम्ही बसवले नाहीत, आणि एवढं करूनही हायवेला स्टिअरिंग थरथरतं. त्याखाली आणखी एक ओळ आहे: "रॅम्प असताना पोराला जमिनीवर झोपवून बोल्ट आवळत होते, सगळा जुगाड." आधी या ओळीचं बोलतो. कारण त्या पोरानं खाली झोपून जे केलं, तोच या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

जिम्नी ही मारुतीची 4x4 गाडी. तिला पुढे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यानं जोडलेली. दोन लांब दांड्यांनी, म्हणजे आर्मनी, तो चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) धरलेला असतो. प्रत्येक आर्मला ॲक्सलकडे दोन बुश आणि चासीकडे एक. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड, त्याच्या दोन टोकांना दोन. असे एकूण आठ. प्रत्येक बुशमध्ये आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, आणि मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती अजिबात फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळलं जातं म्हणून.

आता आमचा रॅम्प दोन खांबांचा. त्यावर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात. तशा अवस्थेत बोल्ट आवळले तर रबराची सरळ जागा तीच ठरते. मग गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी पिळलेलंच राहतं, ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसं. त्यावर खड्डे, दगड, ताम्हिणीतली वळणं. असा नवा कोरा बुशसुद्धा फार दिवस टिकत नाही. म्हणून रॅम्पवर बोल्ट नुसते घालून ठेवायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, पुढून चार वेळा दाबून स्प्रिंगांना जागेवर बसू द्यायचं, आणि मग खाली शिरून टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचं. चार खांबांचा रॅम्प असता तर हे उभ्यानं झालं असतं. तो घ्यायचा आहे, पण पिरंगुटला जागेचे भाव तुम्हाला माहीत आहेत.

गाडी एवढी नवी असून बुश फाटले कसे, हे तुम्ही मला काउंटरवर विचारलं होतंत. तुमच्या गाडीला दोन इंचांचा लिफ्ट किट दुसरीकडे बसवलेला आहे. गाडी दोन इंच वर गेली म्हणजे आर्मचा कोन बदलला. अशा वेळी सगळे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतात. तुमच्या गाडीत चासीकडचे दोन्ही बुश एकाच दिशेनं, नळीच्या कडेनं गोल फाटले होते, त्यावरून ते झालं नसावं असं मला वाटतं. जुने बुश पिशवीत घालून डिकीत ठेवलेत. काढून बघा, चीर स्पष्ट दिसते.

दोन दिवस का लागले? चासीकडचा उजवा बोल्ट आतल्या नळीला गंजून एक झाला होता. पाना फिरवला की बोल्टबरोबर नळी फिरायची, बाहेर काही यायचं नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी कापून काढला आणि नवा बोल्ट मागवला, तो दुसऱ्या दिवशी आला. हा फोन तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी केला होता. कोकणात किनाऱ्यावर गाडी घातलीत असं तुम्हीच सांगितलंत. समुद्राचं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा, हा सल्ला फुकट. खरं तर किनाऱ्यावर गाडी घालूच नका.

बिलात बुशपेक्षा मजुरी जास्त दिसते ती यामुळेच. काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीनं जुनं रबर जाळून काढतात आणि नवं हातोड्यानं ठोकून बसवतात. ते स्वस्त पडतं. आम्ही हायड्रॉलिक प्रेसवर काढतो, दिशेची खूण करतो आणि प्रेसवरच बसवतो. बाहेरचं कडं ठोकून वाकडं झालं तर बुश वाया गेला.

पॉलीच्या बुशबद्दल आपली चर्चा झाली होती, तरी इथे पुन्हा लिहितो, कारण बाकीचे जिम्नीवालेही वाचतात. पॉली वाईट नाही. पॅनहार्ड रॉडला मी स्वतः बसवून देतो, तिथे ॲक्सल आडवा हलू नये हेच हवं असतं. पण आर्मचं गणित वेगळं. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की ॲक्सल तिरका होतो आणि एका आर्मचे ॲक्सलकडचे दोन बुश एकमेकांशी भांडायला लागतात. तिथे रबर दबतं म्हणून ॲक्सल तिरका होऊ शकतो. कडक पॉली घातलं की सगळा पुढचा ॲक्सल जाड अँटी-रोल बारसारखा (गाडी कलू न देणाऱ्या दांड्यासारखा) वागतो आणि चाक लवकर हवेत जातं. तुम्ही गाडी ट्रेलवर नेता, म्हणून नको म्हटलं. फक्त हायवेला चालवत असता तर बसवले असते.

राहिली थरथर. खड्ड्यातली ठकठक गेली असं तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. ती बुशची होती. ताशी 70 ते 80 ला गुळगुळीत रस्त्यावर येणारी थरथर चाकांची आहे. मूळच्या 195/80 मापाच्या टायरऐवजी तुमच्याकडे जड एमटी (चिखलासाठीचे) टायर आहेत आणि रिमच्या आत चिखल वाळून बसलेला होता. शिवाय ब्रेक दाबून धरला तरी डावं चाक वर-खाली हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) लागत होता, म्हणजे तो चाकाच्या बेअरिंगचा नाही, किंगपिनच्या (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगचा. हे दोन्ही जॉब कार्डवर लिहिलंय आणि पुढे "सध्या नको" लिहून तुमची सही आहे. खर्च एकदम नको वाटला असेल, ते मी समजू शकतो. पण न केलेल्या कामाचा तारा कापू नका.

तुम्ही टाकलेल्या अलाइनमेंटच्या कागदावर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) लाल दिसतो, तोही बुश बदलल्यामुळे नाही. लिफ्ट केल्यावर तो कमी होतो, आणि अखंड ॲक्सलला अलाइनमेंटवाला फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बदलू शकतो. कास्टर परत आणायला ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले) किंवा वेगळे आर्म लागतात. तो निर्णय तुमचा.

सोमवार सोडून कधीही या. चाकं आतून धुऊन बॅलन्सिंग करून देतो, त्याचे पैसे नकोत. किंगपिनचं काम करायचं असेल तर चार दिवस आधी कळवा, बेअरिंग आणि सील मागवून ठेवतो.