जोडून सुट्टी: सीझन नको, सिनेमा लावा

शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी दहीहंडी, रविवार तर आपला आहेच. निम्मी बिल्डिंग गुरुवारी रात्रीच गाड्या काढून लोणावळ्याकडे सुटेल आणि खंडाळ्याच्या घाटात अडकून तिथूनच स्टेटस टाकेल. जे मागे मुंबईत उरणार आहेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट.

एक विनंती आधीच करते. या तीन दिवसांत नवी वेब सिरीज सुरू करू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार उघडणार आणि स्क्रीन काळी होणार, म्हणून रात्री दोनपर्यंत जागायचं, झेंडावंदनाला तारवटलेल्या डोळ्यांनी उभं राहायचं, आणि रविवारी रात्री कळतं की गोष्ट संपलेलीच नाही, उरलेली पुढच्या सीझनला. शिवाय घरात एक जण दोन भाग पुढे असतो, दुसरा तीन भाग मागे, आणि जेवताना नुसतं ‘ए, सांगू नकोस हां!’ त्यापेक्षा एका बैठकीत संपेल असं काहीतरी लावा आणि सगळे मिळून बघा. घरीच बसायचं आहे, तर आपलीच मुंबई बघू.

शुक्रवारी सकाळी भाषणं ऐकून झाली की दुपारी ‘सिंहासन’ (१९७९). जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढायला टपलेले अर्थमंत्री डॉ. लागू, आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. नव्या पिढीला निळूभाऊ फक्त मीममधून माहीत आहेत, त्यांना हा दिगू मुद्दाम दाखवा. आवाज चढवत नाही, मिशीला पीळ नाही, नुसता ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काय साचत जातं ते बघण्यासाठी मोबाईल बाजूला ठेवावा लागेल. मुलगा म्हणेल ‘ब्लॅक अँड व्हाईट?’ म्हणू दे. आजचं राजकारण बघून जो म्हणतो ‘पूर्वी असं नव्हतं’, त्याला तर पहिल्या रांगेत बसवा.

शनिवारी दिवसा टीव्हीचा नाद सोडा. आमच्या गिरगावात सकाळपासून डीजे सुरू होतो, कपाटातल्या बरण्या थरथरतात, संवाद काय ऐकू येणार! रात्री शांत झालं की ‘वाळवी’ (२०२३) लावा. परेश मोकाशींचा आहे, दोन तासांच्या आत संपतो, गोष्टीतलं एक अक्षर मी सांगणार नाही. अनिता दातेसाठी तरी बघाच.

मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) रविवारी सकाळी, पोरं आणि आजी-आजोबा दोघांना घेऊन. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला त्याची गोष्ट, पण भक्तिभावाने नाही, चक्क धमाल. सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून तारामतीचं काम केलं हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाने. आणि बायकांच्या भूमिकेसाठी मिशी काढायची म्हटल्यावर जो गोंधळ होतो त्याला आमच्या सासूबाई दरवेळी तितक्याच हसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला लागला तो इथेच, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये. त्यामुळे आमच्याकडे हा सिनेमा चालू असताना थोडी कॉलर ताठ असते.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले तो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, व्हेनिसमध्ये गाजलेला, आणि ‘बोअर आहे’ म्हणून बहुतेकांनी वीस मिनिटांत बंद केलेला. एका वयस्कर लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. पुढे तारखांवर तारखा. ‘ऑब्जेक्शन माय लॉर्ड’ कुणी ओरडत नाही. एका बाईंचा ड्रेस बिनबाह्यांचा आहे म्हणून न्यायाधीश तिची सुनावणीच घेत नाहीत, आणि हे इतक्या सहज होतं की आधी हसू येतं, मग आपण का हसलो असं होतं.

कॅमेरा मग कोर्टाबाहेरही जातो. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी, अफाट) लोकलमध्ये ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा मारतात, मुलाला आणतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. अगदी आपल्या शेजारच्या. आणि याच बाई कोर्टात त्या म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून कलमं वाचतात, तीही स्वयंपाक उरकावा तशी भराभर. व्हिलन कुणीच नाही, हेच त्यातलं भयंकर. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार २०२१मध्ये कोविडने गेले. स्टेजवर त्यांचा आवाज लागतो तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवा.

शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे बंद. लोक इथे उठतात. उठू नका! सिनेमा अजून बाकी आहे, न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघालेत, आणि तो भाग सुट्टीच्या दिवशीच बघायचा आहे.

नवरा म्हणतो रविवारी एवढं जड कशाला. म्हणून त्यानंतर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चा कुठलाही एक भाग. मालिका असूनही माझ्या नियमात बसते, कारण गोष्ट त्याच भागात आटोपते. आबांनी डायरी मिटली की झालं. शोधायला कष्ट नाहीत, रिमोटच्या माइकवर नाव बोललं की सापडतं. नाही सापडलं तर कुठल्या ना कुठल्या चॅनलवर ‘सूर्यवंशम’ असेलच, त्यात कुठूनही बसलं तरी चालतं.