‘मांजराला शुगर झाली? इन्सुलिन टाळा’ या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज सारखा फिरतोय. गोडधोड आणि दूधभात दिल्यामुळे मांजराला डायबिटीस होतो, इन्सुलिन एकदा चालू केलं की मरेपर्यंत सुटत नाही म्हणून ते टाळा, आधी दोन दिवस उपाशी ठेवा, मग कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पावडर द्या, अगदीच गरज पडली तर घरातल्या आजोबांची गोळी नाहीतर इन्सुलिन थोडंसं दिलं तरी चालतं, आणि एवढं करून नाही जमलं तर रोज टोचून हाल करण्यापेक्षा मांजराला इंजेक्शनने कायमचं झोपवलेलं बरं, असं सगळं त्यात आहे. माझ्या घरात डायबिटीसचा बोका आहे, सकाळ-संध्याकाळ त्याला इंजेक्शन मीच देते, आणि असले मेसेज वाचून लोक खरंच उपचार लांबवतात ते बघून मला फार त्रास होतो, म्हणून लिहितेय.

पहिलं ते गोडाचं. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जीन तिच्यात बंद पडलेलं आहे, हे २००५ सालीच दाखवलं गेलंय. त्यामुळे कोणी पेढा खाऊ घालून मांजराला डायबिटीस केला असं होत नाही, आणि आधीच रडवेल्या झालेल्या माणसाला ‘तूच केलंस’ म्हणणं अगदी चुकीचं आहे. खरी कारणं वेगळी आहेत. लठ्ठपणा सगळ्यात मोठा, लठ्ठ मांजरात धोका जवळपास चौपट धरतात. मग वय, घरातच बसून असणं, नसबंदी झालेला बोका असणं (म्हणून नसबंदी टाळू नका प्लीज, वजन सांभाळा), स्वादुपिंडाची सूज, आणि खाज किंवा दम्यासाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं. तुमच्या मांजराला आधी अशी इंजेक्शनं दिली असतील तर व्हेटला आवर्जून सांगा, हे बऱ्याचदा राहून जातं. आणि क्लिनिकमध्ये घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही ३०० च्या वर जाऊ शकते, म्हणून एका रीडिंगवर निदान पक्कं होत नाही, लघवीतली साखर आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी बघतात, या तपासणीवरून मागच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी कळते.

‘इन्सुलिन एकदा लावलं की सुटत नाही’ हे मांजराच्या बाबतीत चक्क उलटं आहे. कुत्र्याला बहुतेक वेळा जन्मभर लागतं, पण मांजराचा डायबिटीस माणसाच्या टाइप टूच्या जवळचा असतो. साखर सतत वाढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकत जातात, आणि लवकर इन्सुलिन देऊन साखर खाली आणली की त्यांना उसंत मिळते, काही मांजरांमध्ये त्या पुन्हा कामाला लागतात आणि इन्सुलिन बंदही करता येतं. याला रेमिशन म्हणतात. सगळ्यांचं होत नाही, काहींचं होऊन परत उलटतं, पण शक्यता सगळ्यात जास्त असते ती निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे नेमका तोच काळ हा मेसेज कारल्यात घालवायला सांगतोय.

कारलं-जांभळाबद्दल फार लिहायची गरज नाही. मांजराचा डायबिटीस त्याने आटोक्यात येतो असा पुरावा नाही, वर कडू रस जबरदस्तीने पाजल्यावर मांजर जेवणच सोडू शकतं.

आणि जेवण सोडणं हाच यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, म्हणून उपाशी ठेवायच्या सल्ल्यावर मी खरंच चिडलेय. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि लिव्हर निकामी व्हायची वेळ येते. त्यात डायबिटीस असेल तर इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) वाढतात, मांजर उलट्या करतं, मलूल पडतं, श्वासाला कधीकधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. वजन कमी करायचंय ते हळूहळू, उपास घालून नाही.

खाण्यात बदल लागतो तो वेगळा. ड्राय फूडचे दाणे बनवायलाच स्टार्च लागतो, त्यामुळे त्यात कार्ब जास्त असतात, आणि मांजर पक्की मांसाहारी, तिला कार्ब कमी आणि प्रोटीन जास्त असलेलं ओलं अन्न, म्हणजे पाउच किंवा कॅन, जास्त मानवतं. पण ग्रेव्हीवाल्या पाउचमध्येही पीठ असतं, ‘पाते’ (pâté, म्हणजे ग्रेव्ही नसलेला घट्ट वाटलेला प्रकार) बघून घ्या. नुसतं उकडलेलं चिकन कायम देऊ नका, त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच कमी पडतं. आणि हे नीट लक्षात ठेवा, इन्सुलिन चालू असताना एकदम ड्राय बंद करून ओलं सुरू केलं तर इन्सुलिनची गरज धाडकन कमी होऊ शकते आणि जुनाच डोस जास्त ठरतो, तेव्हा आधी व्हेटला विचारून हळूहळू बदला.

आता आजोबांचं इन्सुलिन, इथे जीवच जाऊ शकतो. माणसाचं इन्सुलिन मांजराला चालत नाही असं नाही, ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन माणसांचंच आहे आणि व्हेट तेच लिहून देतात. प्रश्न कुठलं, किती आणि कुठल्या सिरिंजने याचा आहे. मांजराची सुरुवात बहुधा १ युनिटच्या आसपास होते, १२-१२ तासांनी, आणि आजोबा २०-३० युनिट घेत असतील तर त्यातलं ‘थोडंसं’ म्हणजे किती? शिवाय आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन ताकदीचं इन्सुलिन मिळतं, एका मिलीत ४० युनिटवालं आणि १०० युनिटवालं, आणि सिरिंजही तशाच वेगवेगळ्या, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ग्लार्जिन बहुतेक वेळा १०० चं असतं. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं तर आत अडीच युनिट जातात. म्हणजे डोस अडीचपट, चार किलोच्या जिवाला! दुकानदार घाईत कुठलीही सिरिंज देतो, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का ते तुम्हीच बघा, दर वेळी.

गोळ्यांचंही तेच. मेटफॉर्मिन ही माणसांची नेहमीची शुगरची गोळी मांजरांत भरवशाची ठरलेली नाही. मांजरांसाठीची औषधं अमेरिकेत मंजूर झालीत, बेक्साग्लिफ्लोझिन डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन ऑगस्ट २०२३ मध्ये, पण ती निवडक मांजरांनाच, आधी रक्त तपासून, आणि त्यांच्यात साखर नॉर्मल दिसत असतानाही किटोन वाढायचा धोका असतो. म्हणून त्याच जातीची माणसाची गोळी अर्धी करून देणं अजिबात नको.

साखर फार खाली गेली, म्हणजे ६० च्या आत, तर मांजर झोकांड्या खातं, भेलकांडतं, फिट येते. मध किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा, बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नका, आणि लगेच निघा. डोस दिला की नाही आठवत नसेल तर दुसरा देऊ नका. जेवलंच नाही किंवा उलटी झाली तर टोचायच्या आधी व्हेटला फोन करा.

राहिलं झोपवायचं. सुई केसाएवढी बारीक असते, मानेमागची किंवा कुशीची कातडी चिमटीत धरून जेवता जेवता टोचली तर बहुतेक मांजरं वाटीतून तोंडही वर काढत नाहीत. कानाच्या कडेला टोचून घरी साखर बघता येते, माणसाचा ग्लुकोमीटर मांजरात आकडा थोडा कमी दाखवतो एवढं धरून चाला. सारखं पाणी पिणं, लिटरचा (शी-शूचा) ट्रे भरून वाहणं, खाऊनही वाळत जाणं, हे सगळं साखर आटोक्यात आली की कमी होतं. डायबिटीसमुळे मागचे पाय टाचेवर टेकून चालणारी मांजरंसुद्धा काही महिन्यांत बरीच सुधारतात. माझा बोका तसाच चालायचा, आता ओट्यावर चढतो. इतर गंभीर आजार जोडीला असतील तर निर्णय वेगळा होऊ शकतो, तो व्हेटसोबत बसून घ्यायचा, पण नुसता डायबिटीस हे जीव घ्यायचं कारण नाही. खर्चाची भीती वाटत असेल तर ती व्हेटला मोकळेपणाने सांगा, डोस इतका लहान असतो की १० मिलीच्या बाटलीऐवजी ३ मिलीचं कार्ट्रिज घेतलं तर बरंच वाया जायचं वाचतं, आणि घरी साखर मोजून आकडे पाठवले तर दवाखान्याच्या खेपाही कमी होतात.