हेल्मेटचा पट्टा

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक छायाचित्र टाकले. कुठल्याशा शहरात पोलिसांसाठी आलेल्या नव्या रायफली पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडल्या आहेत, प्रत्येकीला झेंडूची माळ घातली आहे, मागे मान्यवर हसत उभे आहेत. खाली लगेच प्रतिक्रिया सुरू झाल्या, की आता गुंडांची खैर नाही. मी मात्र मान्यवरांच्याही मागे, कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहत राहिले. बोटांनी मोठे करून पाहिले, तर त्याच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सुटून लोंबत होता आणि त्याला बकल नव्हते. तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की माझे बाबा हवालदार होते. मी सातवीत असताना त्यांना एका गावी बंदोबस्तासाठी पाठवले आणि निघताना जे हेल्मेट हाती दिले, त्याच्या आत कुणा दुसऱ्याच शिपायाचा बक्कल नंबर रंगवलेला होता व पट्टा मुळापासून तुटलेला होता. आईने रात्री दाभणाने भोके पाडली आणि बाबांच्याच पायजम्याची नाडी दुहेरी करून त्याला शिवली. पांढरी नाडी पोलिसाच्या डोक्यावर बरी दिसणार नाही, म्हणून तिला बूटपॉलिश लावण्याचे काम माझ्याकडे होते. तो काळा रंग दोन दिवस माझ्या नखांतून गेला नाही. समोरची काच इतकी चरे पडलेली होती की दिवे लागल्यावर तिच्यातून काहीच दिसत नसे, म्हणून बाबांनी ती वर केली आणि नेमका तेव्हाच दगड आला. डाव्या भुवईवर नऊ टाके पडले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "लागलं नाही बापा, खरचटलं जरासं."

त्या वेळी त्यांच्या खांद्यावर रायफल होती, हे मुद्दाम सांगते. दगड मारणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर ती चालवायची नसते, हे त्यांना कळत होते, म्हणून ती खांद्यावरच राहिली.

आपल्या नागपुरात 17 मार्च 2025 च्या रात्री महाल भागात जी दंगल झाली, ती आठवून पाहा. तीसहून अधिक पोलिस जखमी झाले, त्यांत तीन उपायुक्त होते आणि एकावर तर कुऱ्हाडीने वार झाला. महालातल्या त्या बोळांत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावे लागते, तिथे नवी कोरी रायफल कुणाच्या कामाची? तिथे लागते ती न फुटणारी ढाल, मान झाकणारे हेल्मेट, गुडघ्यांवरची आणि नडगीवरची कवचे. पण ढालीला माळ घालून कुणी छायाचित्र काढत नाही, आणि नडगीच्या कवचासमोर नारळ फोडल्याचे तर मी अजून ऐकलेले नाही!

बंदुका नकोत, असे मी म्हणत नाही. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवरच्या हल्ल्यात एके-47 समोर जुन्या .303 रायफली घेऊन उभे राहिलेले पोलिस आणि गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीच्या बळावर कसाबला भिडलेले तुकाराम ओंबळे मी विसरलेले नाही. गडचिरोलीच्या जंगलात जाणाऱ्या सी-60 या नक्षलविरोधी पोलिस पथकाच्या जवानाला चांगले शस्त्र हवेच. परंतु मुंबईतल्या त्याच रात्री दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, आपल्या नागपूरच्या व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत शिकलेले करकरे, सीएसटीवर हेल्मेट आणि जॅकेट चढवत असल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. पुढे ते जॅकेटच गहाळ झाले आणि त्याचा जाब विचारत फिरण्याची वेळ त्यांच्या पत्नीवर आली. एवढे झाल्यावर तरी जॅकेटची चौकशी रायफलीच्या आधी व्हायला नको का?

जॅकेट म्हटले की आपण सगळे निर्धास्त होतो, हाही एक भ्रमच आहे. नुसत्या कापडी थरांचे जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते. रायफलीच्या गोळीसाठी आत कडक प्लेट लागते, आणि ती सिरॅमिकची प्लेट आदळली-आपटली तर तिला तडा जातो, जो वरून दिसत नाही. थरांनाही वय असते, साधारण पाच वर्षांचीच हमी मिळते. बुलेटप्रूफ जॅकेटसाठी स्वतंत्र भारतीय मानक यायला 2018 साल उजाडले. जुने जॅकेट दहा किलोच्या घरात जायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना ते अंगावर घालून व्हरायटी चौकात तासभर उभे राहून दाखवा, मग आपण बोलू. आणि हे सारे पुरुषाच्या छातीचे माप धरून शिवलेले असेल, तर आज भरती होणाऱ्या मुलींनी ते कसे घालायचे, याचे उत्तर एकाही मान्यवराने द्यावे.

शस्त्र आले तरी सराव कुठे आहे? बाबा चांदमारीला जाऊन आले की एवढेच सांगत, की मोजक्या गोळ्या मिळाल्या आणि त्याहून जास्त वेळ गवतातून रिकाम्या पुंगळ्या शोधण्यात गेला, कारण पुंगळी कमी भरली तर खुलासा द्यावा लागतो. डोक्याचे हेल्मेट कुणाचे आहे याचा पत्ता नाही आणि उडून गेलेल्या गोळीच्या टरफलाचा मात्र चोख हिशेब!

लिहिता लिहिता आवाज चढला, हे माझ्याही लक्षात येते आहे. आता कुणीतरी मला गोवारी समाजाच्या मोर्चाची आठवण करून देईल, आणि ते चूक नाही. 23 नोव्हेंबर 1994 ला याच शहरात, लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत 114 माणसे गेली आणि झिरो माइलजवळचे स्मारक ओलांडताना पोलिसाची मुलगी म्हणून माझीही मान खाली जाते. मान्य. पण ज्याच्या डोक्यावर धड हेल्मेट आहे, त्याला दगडाची भीती कमी वाटते, आणि ज्याला भीती कमी वाटते, त्याचा हात उशिरा उठतो, एवढे मी बाबांकडे पाहून शिकले आहे.

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी साहित्य जमा करायला मी त्यांच्यासोबत गेले होते. आदल्या रात्री आईने उसवणीने एकेक टाका काढून ती नाडी सोडवून घेतली होती, कारण ती आपली आहे, सरकारची नाही, असे तिचे म्हणणे. कारकुनाने हेल्मेट हातात न घेताच टेबलावरून बाजूला सरकवले आणि नोंदवहीत लिहिले: हेल्मेट एक, सुस्थितीत. बाबांनी खाली सही केली.