तुमचं काय, पाहून झालंय!

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं त्यापेक्षा पाहुणे जास्त नेमाने येतात. पहिल्या चहाला "कसं काय, बरंय ना?" आणि दुसऱ्या चहाला "इथून अजिंठा किती लांब हो?" हे ठरलेलं. लांब म्हणजे शंभरेक किलोमीटर. पण हे उत्तर कुणाला नकोच असतं. तुम्ही कधी नेताय, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. इथल्या प्रत्येक कर्त्या माणसाला हे चतुर्थी-एकादशीसारखं पाठ असतं. मी त्याचा पूर्वी लबाडीने उपयोग करायचो. रविवारी रात्री उतरलेल्या पाहुण्याला चेहरा पाडून सांगायचं, "अरेरे, उद्या नेमका सोमवार!" मग बीबी का मकबरा, पाणचक्की आणि गुलमंडीवरची इमरती एवढ्यावर सुटका व्हायची. यंदा मात्र पुण्याचे साडू आले ते बुधवारी, तेही मे महिन्यात, पाच दिवसांसाठी, आणि सोबत सासूबाईंना घेऊन.

माझी ही सतरावी खेप. सोळा वेळा जाऊन आलेला माणूस म्हणजे जाणकारच, असा लोकांचा समज होतो. साडूंचाही झाला. खरी गोष्ट वेगळी आहे. अजिंठा मी पाहिलाय कमी, ऐकलाय जास्त. कारण लेण्यात चपला काढून जावं लागतं.

लग्न झालं त्याच वर्षी बायकोच्या काकांना घेऊन पहिल्यांदा गेलो होतो. काकांच्या पायात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला. "इथं चपला जातात म्हणे," असं ते पुटपुटले आणि सगळ्यांनी नव्या जावयाकडे पाहिलं. जावई म्हणाला, "मी थांबतो बाहेर, तुम्ही या पाहून." झालं. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच पद माझ्याकडे कायम राहिलं. आधी "नंतर तुम्ही जा हं आत" असं तोंडदेखलं तरी म्हणत. पुढे पुढे एकच वाक्य उरलं, "तुमचं काय, पाहून झालंय!"

तर सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणून आठला निघालो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या सहा बाटल्या. हर्सूल मागे पडलं, चौक्याचा घाट चढलो. साडूंनी "ह्याला घाट म्हणतात होय तुमच्याकडं?" असं विचारून घेतलं. सिल्लोडला चहासाठी थांबलो तर साडूंच्या बायकोला, म्हणजे ताईंना हिरव्या मिरच्यांचे ढीग दिसले. सिल्लोडची मिरची पाहून पुण्याचं माणूस हळवं होतं. तीन किलो घेतल्या. "गाडीत ठेवल्या तर उन्हानं शिजतील हो," ताई म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हाती आली. ती संध्याकाळपर्यंत माझ्याच हातात होती.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडायची आणि पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसने जायचं. बसपर्यंत पोचायला दुकानांच्या रांगेतून जावं लागतं, आणि ती रांग सरळ मनाच्या माणसासाठी नाही. एक पोरगा येतो, तळहातावर चमचमती गारगोटी ठेवतो आणि म्हणतो, "ही आपल्याकडून भेट, साहेब. पैसे नकोत. फक्त येताना दुकान बघा." साडूंनी घेतली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते फुकट म्हटल्यावर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. परतताना त्या गारगोटीच्या बहिणी, मावश्या आणि एक दगडी हत्ती असं सगळं कुटुंब पुण्याला गेलं.

पायऱ्यांपाशी डोलीवाल्यांनी सासूबाईंना गाठलं. खुर्ची, दोन दांडे, चार माणसं. मी म्हटलं, "आई, बसा की. ऊन फार आहे." त्यांनी डोलीकडे एकदा नीट पाहून घेतलं. "चार जणांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच जायचं," त्या म्हणाल्या, "इतक्यात नाही." आणि चढू लागल्या. डोलीवाल्यांनाही पुढे बोलवेना.

लेणं क्रमांक १. सगळे आत. मी बाहेर, पुढ्यात पाच जोड, मांडीवर मिरच्या. आतला गाइड काय बोलणार ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. आता तो गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून बॅटरी मारेल, मग उजवीकडून, मग समोरून, आणि दर वेळी चेहऱ्यावरचा भाव कसा बदलतो ते दाखवेल. लोक "अय्या!" म्हणतील. म्हणाले. मग भिंतीवर रंगवलेला, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. मग एकाच डोक्याची चार हरणं. १६ व्या लेण्याबाहेर मला वाकाटक राजा हरिषेण आणि हे लेणं कोरवून घेणारा त्याचा मंत्री वराहदेव यांची माहिती हिंदी, इंग्रजी आणि एकदा बहुधा जपानीतही ऐकायला मिळाली आहे. पद्मपाणीचे डोळे खाली झुकलेले आहेत, हे मी शपथेवर सांगू शकतो. कारण तसं सतरा जणांनी सांगितलंय.

साडू बाहेर आले. मी आशेने विचारलं, "काय काय पाहिलं?"

"छान आहे. आत एकदम गार आहे हो."

एवढंच.

१० व्या लेण्यात मात्र मी घुसलो, कारण सासूबाईंना एक खांब दाखवायचा होता. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, त्याला झाडीत लेणी दिसली आणि या गड्याने खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. साडूंनी ऐतिहासिक वारशाच्या विद्रूपीकरणावर दोन मिनिटं भाषण केलं. सासूबाई वर बघत राहिल्या. "एवढ्या उंच चढला कशाला मेला?" मी सांगितलं की तेव्हा आत माती-दगडांचा ढीग साचला होता, तो त्यावर उभा होता. सतरा खेपांत माझ्या ज्ञानाला कुणी मान डोलावली असेल तर ती इथेच. पण तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, चपला!"

लेणी तीस. त्यातली पाच चैत्यगृहं, म्हणजे प्रार्थनेच्या जागा, बाकीचे विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या जागा. लहान लहान खोल्या, काहींत दगडाचे ओटे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. एका जागी राहणारे लोक मला फार आवडतात. पाहुण्यांनाही असा काही नियम असता तर? पण मग ते तीन महिने आमच्याकडेच राहिले असते. जाऊ द्या.

२६ व्या लेण्यापर्यंत सगळ्यांचे पाय दुखायला लागले होते, म्हणून ते पाच मिनिटांत उरकलं. उतरून, बसच्या रांगेत उभं राहून, धपाट्यांचा शेवटचा तुकडा खाऊन झाल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "माझा चष्मा! घाम पुसायला काढला होता. त्या झोपलेल्या बुद्धाच्या लेण्यात." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊन या ना," ताई म्हणाल्या, "तुम्हाला काय, रस्ता पाठ आहे."

गेलो. मिरच्यांसकट गेलो, कारण पिशवी घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. लेण्याच्या दाराशी चपला काढल्या आणि आत शिरलो. आत फक्त पहारेकरी होता, त्याच्या हातात चष्मा. "दिवसातनं दोन तरी घावतात," तो म्हणाला. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू का? तो म्हणाला, "थांबा की. बंद व्हायला टाइम हाय आजून."

डावीकडच्या भिंतीत सात मीटरच्या आसपास लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला. महापरिनिर्वाण. खाली शोक करणारी माणसं. आणि पायांशी, हातावर डोकं टेकून बसलेला बुद्धांचा शिष्य आनंद. हा आनंद मला ओळखीचा. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा पालीच्या सरांनी त्याची गोष्ट सांगितली होती. पंचवीस वर्षं त्याने बुद्धांची सेवा केली. भिक्षापात्र आणि चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, सांभाळायचं, भेटायला येणाऱ्यांना आत न्यायचं. माझ्याच खात्यातला माणूस! पण हुशार. काम पत्करण्याआधी त्याने आठ अटी घातल्या होत्या. बुद्धांना मिळालेली चांगली वस्त्रं, चांगली भिक्षा मला द्यायची नाही. त्यांच्या आमंत्रणाला मला न्यायचं नाही. लांबून आलेल्या माणसांना मी आणीन तेव्हा भेट द्यायची, अशा. आणि आठवी अशी, की माझ्या माघारी जे काही सांगितलं असेल, ते मला पुन्हा सांगायचं.

मी लग्नात एकही अट घातली नव्हती. मानपानात माझ्या वडिलांनी फक्त वऱ्हाडाला लागलीच चहा मिळावा एवढं सांगितलं होतं, तोही मिळाला नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. आनंदाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. रडणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. सगळे आत गेल्यावर एकटाच बाहेर थांबलेल्या माणसाचा असतो ना, तसा काहीसा. पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या तेव्हा भानावर आलो.

बाहेर आलो. दारात एकच जोड होता. तपकिरी, अंगठ्याचा, अगदी माझ्यासारखा. फक्त दोन नंबरांनी लहान, आणि डाव्या चपलेचा अंगठा खिळ्याने जोडलेला.

टाचा मागे लोंबकळत ठेवून, एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात तीन किलो मिरच्या घेऊन मी सगळ्या पायऱ्या उतरलो. बसपाशी साडूंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"अहो, आधी सांगायचं ना," ते म्हणाले, "कुणीतरी थांबलं असतं बाहेर."